नाशिकमध्ये हायब्रिड कार घेऊन पस्तावा होईल का? बॅटरी गेली तर किती खर्च येतो?

पस्तावा मला दोनच दिवस झाला होता, तोही साडूंमुळे.

मे महिन्यात मुलीकडे बंगळुरूला २२ दिवस राहून आलो. गाडी इथं नाशिकच्या इंदिरानगरला बिल्डिंगखाली धुळीनं पांढरी झालेली. त्याच दिवशी ओझरला लग्न. चावीचं बटण दाबलं, गाडी ढिम्म. चावीतली धातूची पट्टी काढून दार उघडलं, स्टार्टचं बटण दाबलं. डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकले, आत कुठंतरी टिकटिकटिक झालं आणि सगळं गप्प. साडू त्यांची डिझेल घेऊन आम्हाला न्यायला आले ते बोनेटसुद्धा न उघडता म्हणाले, "मी सांगत होतो ना, ही खेळणी घेऊ नका. बसला ना लाखाचा फटका?" त्यांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानंही येऊन मान हलवली, "हायब्रिडची बॅटरी गेली, साहेब." मग लग्नाच्या पंगतीत साडूंनी ही बातमी सगळ्यांना आग्रहानं वाढली.

तिसऱ्या दिवशी बॅटरीच्या दुकानातला पोरगा वायर घेऊन आला. दहा मिनिटांत डॅशबोर्डवर 'रेडी' उमटलं, म्हणजे गाडी चालू झाली. गेली होती ती १२ व्होल्टची, कुठल्याही गाडीत असते तीच. नवी सहा हजारांच्या आत बसली.

हायब्रिडमध्ये बॅटऱ्या दोन: ही छोटी, आणि गाडी ओढायला मदत करणारी मोठी. इंजिन सुरू करायला त्याला फिरवते मोठीच, पण मोठीला गाडीशी जोडणारे रिले (विजेचे स्विच) आणि कॉम्प्युटर चालतात छोटीवर. साध्या गाडीत बॅटरी उतरायला लागली की सेल्फ रडतो, आपल्याला कळतं. इथं रडायला सेल्फच नाही, त्यामुळे छोटी न सांगता जाते. गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून अर्धा तास 'रेडी'त ठेवा. नुसता टेप लावून बसलात तर उलट उतरेल.

आता मोठीचं. टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (म्हणजे थोडं अंतर नुसत्या बॅटरीवरही चालते ती) ही बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची असते, इलेक्ट्रिक कारसारखी तीस-चाळीस युनिटांची नाही. टोयोटा तिला ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी वॉरंटी देते. लाख-लाख ओरडणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपण कुठल्या बॅटरीबद्दल बोलतोय तेच माहीत नसतं. एवढंच करा, मागच्या सीटजवळ मोठ्या बॅटरीला गार ठेवणारी हवेची जाळी असेल तर तिच्यापुढे पिशव्या रचू नका आणि सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्या. सध्या शहरात जिकडंतिकडं खोदकाम आहे, धूळ मुबलक.

पेट्रोल वाचतं ते द्वारका चौकात. इंजिन बंद, गाडी बॅटरीवर सरकते. जुनी पेट्रोल गाडी मला गावात १२ द्यायची, ही २२ देते. लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर किलोमीटरला १९० ग्रॅमचे १०५ झाले. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना मात्र बॅटरी अर्ध्या वाटेतच भरते, पुढं इंजिनचा ब्रेक. चढताना इंजिन बोंबलतं, त्याला घाबरू नका.

पीयूसीला एक गंमत होते. पोरगा सायलेन्सरमध्ये नळी घालून ओरडतो, "काका, गाडी चालू करा!" चालूच असते. 'पी'मध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला की इंजिन जागं होतं.

हे आधी सांगायला हवं होतं: तुमचं रनिंग दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर असेल, किंवा सगळं समृद्धीवर शंभर-एकशेवीसनं असेल, तर जास्तीचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. मग साधी पेट्रोल घ्या. आणि वॉरंटी संपल्यावर मोठी बदलायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. तो आकडा शोरूमकडून लेखी घ्या, साडूंकडून नको.

जानेवारीच्या थंडीत साडूंचीच डिझेल सकाळी सहाला अडली. फोन आला, "भाऊ, जरा जम्प द्यायला येता का?" हायब्रिडच्या छोट्या बॅटरीवरून दुसऱ्या गाडीला जम्प देऊ नये म्हणतात, आणि डिझेलला तर करंटही जास्त लागतो. मी खरं तेच सांगितलं आणि त्याच पोराचा नंबर पाठवला. साडूंना अजून वाटतं मी सूड घेतला.