ती फाईल माळ्यावरून खाली काढ

पत्र:

मावशी, मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. वय ३९, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. बाबा लवकर गेले, धाकट्या भावाला मीच वाढवलं. कॉलेजात तो गर्दच्या नादी लागला. आईच्या पाटल्या गेल्या, माझा लॅपटॉप गेला, दोनदा सोसायटीत पोलीस आले. आता लोकलमध्ये मोबाईल चोरताना सापडला आणि दोन महिने आर्थर रोडला आहे. जामीन मंजूर झालाय, पण पैसे मी मुद्दाम भरले नाहीत. म्हटलं, चार-सहा महिने आत राहिला की आपोआप सुटेल त्याचं. आई मला दगड म्हणते. मी जेलमध्ये मुलाखतीला, म्हणजे त्याला भेटायला, जाते तर तो धड बोलत नाही, झोप लागत नाही एवढंच सांगतो. मागच्या वेळी म्हणाला, ‘ताई, आता नको येत जाऊ.’ (पकडला गेला तेव्हा पालिकेच्या दवाखान्यातून जिभेखाली ठेवायची गोळी आणि रात्रीची एक गोळी चालू होती, अधूनमधून चुकवायचा. वकील म्हणाले, व्यसनाचं कुठे बोलू नका, म्हणून फाईल माळ्यावर ठेवून दिली.) मावशी, मी खरंच दगड आहे का?

– एक बहीण

उत्तर:

अगं, तू दगड आहेस की नाही याचा निवाडा मी करणार नाही. तो प्रश्न तुझा आणि आईचा, आणि त्याला वेळ आहे. वेळ नाहीये तो तू कंसात टाकलेल्या गोष्टीला. पाटल्या, लॅपटॉप, पोलीस सगळं सविस्तर लिहिलंस आणि त्याचे उपचार चालू होते हे कंसात. तुझ्या पत्रात मला तेवढाच कंस दिसतोय.

जिभेखालची गोळी म्हणजे बहुतेक बुप्रेनॉर्फिन. गर्दची तलफ आणि अंगदुखी आवरून धरणारं ते औषध आहे, ते रोज आणि नेमाने घ्यायचं असतं. तुझ्या भावाला ज्या दिवशी उचललं त्या दिवशी ते बंद झालं. पुढे काय झालं असेल ते तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. आधी जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. मग पोटात पिळवटून कळा, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग, आणि झोप नावालाही नाही. पहिले काही दिवस सगळ्यात वाईट. हे सगळं त्याने बराकीत काढलं, जिथे कूस बदलायची तर शेजारच्याला हलवावं लागतं आणि संडासासाठी नंबर लावावा लागतो. नवा कैदी आत आला की वैद्यकीय तपासणी होते, तिथे डॉक्टर विचारतात, काही औषध चालू आहे का? तुझ्या भावाला घरातून आणि वकिलांकडून शिकवलेलं होतं, काही बोलायचं नाही. तो बोलला नसणार. न सांगितलेल्या आजारावर डॉक्टर औषध कुठून देणार?

आणि रात्रीची गोळी? ती कशाची, हे तू लिहिलंच नाहीस. मला भीती वाटते की तुलाही ठाऊक नसावं. फाईल उघडलीस की कळेल. मनाच्या आजाराची गोळी असेल तर ती अशी एकदम तोडायची नसते. तुझ्या आईची बीपीची गोळी कोणी दोन महिने लपवून ठेवली असती तर तू गप्प बसली असतीस का? दोन महिने झोप नाही, बोलणं नाही, आणि वर ‘आता नको येत जाऊ.’ तुला तो रुसवा वाटला. मला नाही वाटला. आपल्या देशात तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूंमध्ये आत्महत्या सगळ्यात जास्त आहेत. तुला घाबरवायला नाही सांगत. त्याचं हे वाक्य तुरुंगाच्या डॉक्टरांपर्यंत लेखी पोचायला हवं, म्हणून सांगते.

आता तुझ्या ‘आपोआप सुटेल’बद्दल. हा समज इतक्या घरांतून ऐकू येतो की मला त्याची चीड आली आहे. आत राहून माल मिळाला नाही तरी आजार जात नाही. जाते ती फक्त शरीराची सवय. गर्दच्या ज्या मात्रेवर तो दोन महिन्यांपूर्वी चालता-बोलता होता, तीच आज त्याचा श्वास थांबवू शकते. सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे या लोकांसाठी सर्वांत धोक्याचे, हे जगभरच्या तुरुंगांत पाहिलं गेलंय. तू त्याला आत ठेवून वाचवते आहेस असं तुला वाटतं. उपचाराविना ठेवलंस तर सुटायच्या दिवशी तो आजच्यापेक्षा जास्त धोक्यात असेल.

वकिलांचं म्हणणं मी समजू शकते. व्यसन पुढे आलं तर चोरीचं कारण आयतंच मिळेल, ही त्यांची भीती. पण सरकारी दवाखान्यात डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोळी घेणं हा काही गुन्हा नाही. उलट मुलगा स्वतःहून उपचार घेत होता याचा तो पुरावा आहे. वकिलांनी खटला सांभाळावा. माणूस सांभाळायचं काम तुझं.

आणि हे कोणाच्या मेहेरबानीचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही त्यात मानसिक आजारात धरल्या आहेत. कैद्यांसाठी कलम १०३ आहे. गरज पडली तर त्याला मानसिक उपचारांच्या जागी हलवण्याची सोय त्यात आहे. प्रत्यक्षात काय चालतं तेही ऐकून ठेव. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आत, आणि वर्षानुवर्षं आत माणसं त्याच्या तिप्पट-चौपट. जे.जे. रुग्णालयात न्यायचं ठरलं तरी पोलीस गार्ड मिळेपर्यंत तारीख हुकते. अशा गर्दीत गप्प बसलेल्या पोराकडे कोण बघणार? ज्याचा कागद टेबलावर असतो त्याला आधी बोलावतात. म्हणून ती फाईल.

उद्या रजा टाक. फाईलच्या दोन झेरॉक्स काढ, मूळ प्रत हातातून सोडू नकोस. साध्या मराठीत एक पानी अर्ज लिही: भावाचं नाव, केस नंबर, कोणत्या दवाखान्यात उपचार चालू होते, कोणत्या गोळ्या, कधीपासून बंद आहेत, आणि मुलाखतीत तो जे बोलला ते वाक्य जसंच्या तसं. अर्ज अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी दोघांच्या नावे कर. साने गुरुजी मार्गावर जेलच्या गेटला जाऊन आवक विभागात दे, आणि तुझ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. कोणी ‘ठेवून जा’ म्हणालं तरी नाही. दुसरा संच वकिलांना द्यायचा आणि सांगायचं, कोर्टात अर्ज करा, तपासणी करून उपचार सुरू करावेत आणि अहवाल कोर्टाला द्यावा, असा आदेश मागा. ते टाळायला लागले तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला फोन कर. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिथे घरच्यांचा पगार विचारत नाहीत. गोळी पुन्हा सुरू करायची की दुसरं काही द्यायचं, हे डॉक्टर ठरवतील. त्यात तू पडू नकोस.

जामिनाचे पैसे भर. हो, भरायचेच. पण आधी त्याच्या जुन्या दवाखान्यात जाऊन बोलून ठेव, की हा या दिवशी सुटतोय आणि गेटवरून थेट तुमच्याकडे आणते आहे. आदेश जेलमध्ये पोचायला संध्याकाळ होते आणि ओपीडी तोवर बंद झालेली असते, तेव्हा ती रात्र कुठे आणि कोणासोबत काढायची हेही आत्ताच ठरव. पहिले दोन आठवडे त्याला एकट्याला सोडायचं नाही, हातात रोख द्यायची नाही. आणि जुनी मात्रा आता जीव घेईल, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगायचं. आडवळणाने नको. लाजेखातर हे एवढं वाक्य घरात कोणी बोललं नाही, असं व्हायला नको.

तू दमली आहेस ते कळतंय गं. इतकी वर्षं आई, भाऊ, घर, सगळं एकटीच्या अंगावर घेतलंस. झोप उडाली असेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. पण तो फोन फाईल दिल्यावर.

तो नको म्हणाला तरी या आठवड्यात मुलाखतीला जा. काचेपलीकडे फोन कानाला लावला की आईच्या रडण्याचा आणि पैशांचा विषय काढू नकोस. एवढंच सांग: ‘तुझी फाईल डॉक्टरांकडे दिली आहे. ते बोलावतील तेव्हा सगळं खरं सांग. मी पुढच्या वेळीही येणार आहे.’