गिलीवर लँडर टिकत का नाही, आणि खरे छोटे चंद्र असे असतात का

तुझं म्हणणं थोडक्यात असं की कर्बल स्पेस प्रोग्रॅम या यानं उडवायच्या गेममध्ये ईव्ह ग्रहाच्या गिली या छोट्या चंद्रावर लँडर पाय टेकतो, लगेच उसळतो, परत टेकतो, घसरतो आणि शेवटी आडवा होतो, तर हा गेमचा बग आहे की खरे वेडेवाकडे चंद्र (तुझ्या शब्दांत 'इरेग्युलर मून') पण असेच असतात. बग अजिबात नाहीये. गेमने गिलीबाबत एक थाप मारलीय खरी, पण ती दुसरीकडेच आहे. तिच्याकडे येतो, आधी तुझा लँडर सरळ करू. जरा लांबण लागेल, सांभाळून घे.

गिलीची त्रिज्या १३ किमी आणि गुरुत्व ०.०४९ मी/से², म्हणजे पृथ्वीच्या दोनशेव्या हिश्शाएवढं. तुझा लँडर समज ५ टनांचा आहे, तर गिली त्याला फक्त २४५ न्यूटनने खाली ओढतेय आणि आरसीएसचा (यान हळूच सरकवणाऱ्या छोट्या इंजिनांचा) एक साधा थ्रस्टर १ किलोन्यूटन देतो, म्हणजे एकटा थ्रस्टर अख्खा लँडर उचलून वर तिप्पट शिल्लक. आणि तू उतरतोयस टेरियर इंजिनवर, ६० किलोन्यूटन! थ्रॉटल ५ टक्क्यांवर ठेवलास तरी वजनाच्या बारापट धक्का बसतो, मग तो वर जाणार नाही तर काय करणार.

आता उसळीचं बघ. सेकंदाला १ मीटरने टेकलास, आपल्याला वाटतं किती हळू, पण पायांच्या स्प्रिंगने त्यातला अर्धा वेग जरी परत दिला तरी लँडर अडीच मीटर वर जातो आणि खाली यायला एकूण २० सेकंद लागतात. त्या २० सेकंदांत तो थोडा आडवा सरकतो, थोडा फिरतो, आणि पुढच्या वेळी एकाच पायावर पडतो. बरं घर्षण तरी धरून ठेवेल म्हणावं तर घर्षण वजनावर अवलंबून, वजनच नाही तर घर्षण कुठून येणार, म्हणून उतारावर तो साबणासारखा घसरत राहतो.

खऱ्या जगातही हेच झालंय. १२ नोव्हेंबर २०१४ ला फिली हा लँडर ६७पी धूमकेतूवर सेकंदाला साधारण १ मीटर वेगानेच उतरला, जमिनीत घुसून धरून ठेवणारे हार्पून सुटलेच नाहीत, आणि पहिल्या टप्प्यानंतर तो जवळपास दोन तास तरंगत राहिला, शेवटी ठरलेल्या जागेपासून सुमारे किलोमीटरभर लांब एका कड्याच्या सावलीत जाऊन पडला. तेव्हा तुझं जे होतंय ते एकदम बरोबर होतंय.

उपाय एकच, याला लँडिंग समजूच नको, डॉकिंग (दोन यानं हळूच जोडणं) समज. जमिनीपासून दोनेक किलोमीटरवर मेन इंजिन कायमचं बंद. नेव्हबॉल (दिशा आणि वेग दाखवणारा गोळा) सरफेस मोडवर, आडवा वेग आधी शून्य (गिली स्वतः फिरते, विषुववृत्तावर सेकंदाला २.९ मीटर, म्हणून ऑर्बिट मोड बघून शून्य केलंस तर फसशील), मग नुसतं पडू दे. एक किलोमीटर पडायला साधारण २०० सेकंद लागतात आणि वेग होतो जेमतेम १० मी/से, तो आरसीएसने मारत मारत शेवटच्या पाच-दहा मीटरला ०.३ वर आण. पाय टेकले की एन की दाबून आरसीएसने लँडरला खाली रेटून धर, पाय दबून स्थिर होईपर्यंत सोडू नको. आणि मग एसएएस (यान आपोआप स्थिर धरणारी यंत्रणा) बंद! हे लोक विसरतात. ती यान वळवायला वापरते त्या रिॲक्शन व्हीलची (आतल्या फिरत्या चाकांची) ताकद तिथल्या वजनापुढे इतकी जास्त असते की उभा लँडर सावरायच्या नादात एसएएसच त्याला उडवून लावतं. गेमच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड ट्वीकेबल्स चालू असतील तर पायांचा स्प्रिंग कमी आणि डँपर जास्त करून ठेव, निम्मी उसळी तिथेच मरते.

अल्टिमीटरचा घोळ पण सांगून ठेवतो. तो डिफॉल्टला 'समुद्रसपाटी'पासूनची उंची दाखवतो, आणि गिलीवर समुद्र नाही पण ६ किमीच्या वर जाणारे उंचवटे आहेत. माझा पहिला लँडर ४८०० मीटर दाखवत असताना अंधारात डोंगराला धडकला, मी आरामात बसलो होतो की अजून पाच किलोमीटर आहेत. जमिनीपासूनची उंची दाखवणाऱ्या मोडवर टाक आणि उजेडाच्या बाजूला उतर.

पोचायचं म्हणशील तर गिलीला तिच्या अपोॲप्सिसजवळ (ईव्हपासून सर्वात लांबच्या टोकाला) गाठ. तिची ऑर्बिट भयंकर लांबट, एक्सेंट्रिसिटी (लांबटपणाचं माप, गोलाला शून्य) ०.५५, वर १२ अंश कललेली. ईव्हच्या जवळच्या टोकाला ती सेकंदाला ९४५ मीटरच्या आसपास धावते, लांबच्या टोकाला जेमतेम २७५. आणि तिचा स्फिअर ऑफ इन्फ्लुअन्स (ज्या हद्दीत गेम फक्त तिचीच ओढ मोजतो) फक्त १२६ किमीचा. ३०० मी/से ने घुसलास तर आरपार जायला १४ मिनिटं, १०,००० पट वॉर्पमध्ये (वेळ पळवण्याच्या सोयीत) ती चार-पाच फ्रेममध्ये संपतात, म्हणून आधीच वॉर्प कमी कर, गेम आपोआप थांबवेल या भरवशावर राहू नको.

आता ती थाप. गिली दिसते बटाट्यासारखी पण ओढते चेंडूसारखी. गेमच्या दृष्टीने तिचं सगळं वस्तुमान मधल्या एका बिंदूत आहे, आणि वरचे डोंगर म्हणजे एका गोलावर चढवलेला हाइटमॅप (प्रत्येक जागेची उंची सांगणारा नकाशा). डोंगराला स्वतःचं काही ओढणं नाही. त्यामुळे सर्वात उंच टोकावर गुरुत्व निम्म्याहूनही कमी भरतं आणि 'खाली' म्हणजे नेहमी केंद्राकडेच. खऱ्या वेड्यावाकड्या पिंडावर तसं नसतं, तिथे तो फुगवटा पण तुला आपल्याकडे ओढतो, फिरण्याचा परिणाम त्यात मिसळतो, आणि ओळंबा सोडलास तर तो केंद्रापासून बराच तिरका लटकतो, डोळ्याला चढ वाटतो तिथे दगड वर घरंगळू शकतो. शिवाय हाइटमॅपमध्ये एका अक्षांश-रेखांशाला एकच उंची असते म्हणून कपारी, लटकते कडे, ६७पी ची ती मान वगैरे प्रकार बनवताच येत नाहीत. गंमत म्हणजे याच गेममध्ये २०१४ ला नासासोबतच्या अपडेटमध्ये लघुग्रह आले, ते आकाराने खरंच वेडेवाकडे, पण त्यांना गुरुत्वच नाही, ते फक्त यानाच्या सुट्या भागासारखा एक मोठा पार्ट आहेत. म्हणजे एकाला आकार आहे पण ओढ नाही, दुसरीला ओढ आहे पण ती गोलाची.

घनता पण काढून बघ. गिलीची येते साडेतेरा ग्रॅम प्रति घनसेंमी, शिशापेक्षा जड! कारण या गेममध्ये ग्रह साधारण दहापट छोटे केलेत आणि गुरुत्व मात्र नेहमीसारखं ठेवलंय. खऱ्यात ०.०४९ एवढं गुरुत्व कोणाला असतं तर शनीच्या फीबी या चंद्राला, आणि तिची त्रिज्या आहे जवळपास १०७ किमी, घनता १.६४. पायाखालची ओढ सेम, पण फीबीवरून सुटायला सेकंदाला १०० मीटर लागतात, गिलीवरून ३६ च्या आत काम होतं.

तू 'इरेग्युलर मून' लिहिलंयस त्यात पण एक गोची आहे. खगोलवाले इरेग्युलर म्हणतात तेव्हा ते ऑर्बिटबद्दल बोलत असतात, आकाराबद्दल नाही. लांबची, लांबट, कललेली, बऱ्याचदा उलटी ऑर्बिट, बहुतेक कुठून तरी येऊन पकडला गेलेला चंद्र. फीबी तशी आहे, शनीपासून सरासरी १ कोटी ३० लाख किमीवर उलटी फिरते, एक फेरी साधारण ५५० दिवसांची, पण आकाराने बऱ्यापैकी गोल. उलट मंगळाचा चंद्र फोबॉस दिसायला बटाटा, २७ बाय २२ बाय १८ किमी, पण त्याच्या विषुववृत्तावरून जवळपास गोल ऑर्बिटमध्ये फिरतो म्हणून त्या अर्थाने रेग्युलर. गिली मात्र दोन्हीकडून इरेग्युलर.

फोबॉस कर्बलच्या नियमात बसवायला गेलास तर अजून मजा. स्फिअर ऑफ इन्फ्लुअन्सचा नेहमीचा फॉर्म्युला लावला की उत्तर येतं सव्वासात किमी, आणि फोबॉसची स्वतःचीच सरासरी त्रिज्या ११ किमी. म्हणजे त्याची हद्द त्याच्या पोटातच संपते, त्याच्याभोवती ऑर्बिट ही गोष्टच उरत नाही. खऱ्यातही जवळपास तसंच आहे, मंगळाची ओढ इतकी जवळ की यानाला मंगळाभोवतीच अशा ऑर्बिटमध्ये ठेवावं लागतं जी फोबॉसवरून बघितली तर त्याच्याभोवती घिरट्या घातल्यासारखी दिसते. फोबॉसवर जाणाऱ्या जपानच्या एमएमएक्स मोहिमेचा बेत हाच आहे. हे बघायचं असेल तर ऑर्बिटर हा अंतराळ-सिम्युलेटर घे, मार्टिन श्वायगरचं, २००० पासून फुकट आणि २०२१ पासून ओपन सोर्स. त्यात स्फिअर ऑफ इन्फ्लुअन्स वगैरे नाही, सगळ्यांची ओढ एकाच वेळी मोजली जाते, त्यामुळे फोबॉसभोवती ऑर्बिट मारायला गेलास की मंगळ ती कशी विस्कटतो ते समोरच दिसतं. शिकायला डोकं लागतं आणि दिसायला कर्बलएवढं गोड नाही, पण या प्रश्नापुरतं तेच बरोबर.

आणि नुसतं खरं रूप बघायचं असेल, उडवायचं काही नसेल, तर सेलेस्टिया हे अंतराळ बघायचं सॉफ्टवेअर लाव, तारीख ११ जून २००४ कर आणि फीबीवर जा. कॅसिनी यान त्या दिवशी तिच्यापासून २०६८ किमीवरून गेलं होतं, त्यामुळे फीबीचे खड्डे खऱ्या फोटोंवरून माहीत आहेत, जेसन नावाचा सगळ्यात मोठा खड्डा शोध. तिथून नेपच्यूनच्या नीरीड या चंद्रावर मात्र टेक्स्चर बघून हरखू नको, व्हॉयेजर २ यानाने १९८९ मध्ये तिला जवळपास ४७ लाख किमीवरून बघितलं आणि फोटोत ती मोजक्या पिक्सेलची आहे, सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे तिचे खड्डे कोणीतरी बसून काढलेत.