ड्रॉप चेकर हिरवा आहे, पण तक्ता ९० पीपीएम दाखवतो; टाकीतला कार्बन डायऑक्साइड नक्की किती समजायचा?

आपल्या ६० लिटरच्या प्लांटेड टाकीत, म्हणजे वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या माशांच्या टाकीत, ड्रॉप चेकर (त्या गॅसचे प्रमाण रंगाने दाखवणारी छोटी डबी) हिरवा आहे, मीटर पीएच ६.० दाखवतो, केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता) ३ आहे, पीएच आणि केएचवरून गॅस सांगणाऱ्या तक्त्यावरून ९० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) येतात आणि मासे मात्र ठणठणीत आहेत. अशा वेळी गॅस कमी करावा का, असे आपण विचारले आहे. करू नका. खरोखर ९० पीपीएम असते, तर बहुतेक मासे एव्हाना पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असते. आकडा आणि मासे यांच्यात मतभेद असेल, तर आधी आकड्याची चौकशी करावी.

तक्त्यामागचे सूत्र चुकीचे नाही. केएचला ३ ने गुणायचे आणि त्या गुणाकाराला १० च्या (७ वजा पीएच) या घाताने गुणायचे. आपले ९० तसेच आले. अडचण त्यात आपण काय घालतो याची आहे. पीएच घातात बसलेला असल्यामुळे मीटर ०.३ ने कमी दाखवू लागला की उत्तर दुप्पट होते, आणि ०.५ ने कमी दाखवू लागला की तिपटीहून थोडे अधिक. केएचच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, त्यामुळे केएच १ आणि २ यांच्यामधले काही त्यात दिसतच नाही. शिवाय टाकीत लाकूड असेल, तर त्यातून उतरणारी सेंद्रिय आम्ले या हिशेबात लुडबुड करतात, कारण पाण्यातली सगळी क्षारता बायकार्बोनेटचीच आहे हे सूत्राने गृहीत धरलेले असते.

हे मी इतक्या आवेशाने लिहितो आहे, कारण आमच्या साडूभाऊंशी माझा या तक्त्यावरून जुना वाद आहे. मी पुण्यातच कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले; ते अभियंते आहेत आणि कर्वेनगरच्या त्यांच्या दिवाणखान्यात चार फुटी प्लांटेड टाकी आहे. एका वर्षी गौरीच्या जेवणाला गेलो, तेव्हा टाकीतल्या पानांच्या कडांना काळ्या केसांसारखे शेवाळ लागले होते आणि नवी पाने बारीक येत होती. गॅस कमी पडतो आहे, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी मीटर काढून दाखवला: पीएच ५.९, केएच २, म्हणजे तक्त्याप्रमाणे ७५ पीपीएम. ते तर गॅस आणखी कमी करण्याच्या बेतात होते. “मास्तर, हा मीटर दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा देतो, तुमचा ड्रॉप चेकर नुसता रंग दाखवतो,” हे त्यांचे वाक्य पुरणपोळीबरोबर मला गिळावे लागले.

पुढच्या रविवारी मी ब्युरेट (थेंब मोजून सोडायची नळी), स्टँड आणि फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारे सूचक घेऊन त्यांच्याकडे गेलो. मोकळा कार्बन डायऑक्साइड मोजण्याची ही पद्धत जुनी आणि सरळ आहे. सोडियम हायड्रॉक्साइडचे एन/४४ तीव्रतेचे द्रावण घेतले की त्याचा १ मिली म्हणजे बरोबर १ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, आणि नमुना १०० मिलीचा असेल तर वापरलेल्या मिलीला १० ने गुणले की पीपीएम मिळतात. नमुना ओतून घ्यायचा नाही. बारीक नळीने थेट भांड्याच्या तळाशी सोडायचा, म्हणजे हवेशी खळबळ होऊन गॅस उडून जात नाही. ओट्यावर पांढरी ताटली ठेवून मी थेंब थेंब सोडत होतो. प्रत्येक थेंबाला गुलाबी छटा यायची आणि भांडे हळूच फिरवले की विरून जायची. ती टिकली तेव्हा ब्युरेटमधून १.२ मिली उतरले होते, म्हणजे १२ पीपीएम. शिवाय पाण्यात दुसरे कोणतेही आम्ल असते, तर त्यानेही हायड्रॉक्साइड खाल्ले असते, त्यामुळे इतर आम्लांच्या लुडबुडीने हा आकडा वाढू शकतो, कमी होऊ शकत नाही. साडूभाऊ म्हणाले, नमुना घेतानाच गॅस उडाला. थोडा उडाला असेल, हे मला मान्य आहे. पण काळजीपूर्वक घेतलेल्या नमुन्यातून पाचातले चार हिस्से दोन मिनिटांत उडत नाहीत.

मग मी पीएच ७.० ची बफर गोळी (ठरावीक पीएचचे द्रावण देणारी) डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली आणि त्यांचा मीटर त्यात बुडवला. मीटर ६.५ वर स्थिरावला. दोन दशांश स्थळांपर्यंत. मीटर आणल्यापासून त्याचे कॅलिब्रेशन झालेच नव्हते, आणि इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाऐवजी कोरड्या डबीत राहत होता. त्या टाकीत आरओचे (क्षार काढलेले) पाणी मिसळलेले असल्यामुळे केएच प्रत्यक्षात १ च्या आसपास असणार. केएच १ आणि पीएच ६.४ घालून पाहा, त्याच तक्त्यातून १२ च निघतात. यावर गोळीची मुदत संपली असावी, असे साडूभाऊंचे मत पडले. मात्र पुढे त्यांनी गॅस गुपचूप वाढवला, शेवाळ हटले, पानांवर दुपारी बुडबुडे दिसू लागले, आणि त्याचे श्रेय ते आजही नव्या खताला देतात.

आता आपल्याबद्दल. ड्रॉप चेकरवर विश्वास ठेवा, परंतु त्यात काय भरले आहे हे आधी पाहा. टाकीचेच पाणी भरले असेल तर तो हिरवा रंग बिनकामाचा, कारण टाकीतले सगळे दोष त्यातही उतरतात. आत ४ केएचचे द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हे सूचक हवे. मधल्या हवेच्या पोकळीतून फक्त गॅस आत जातो, म्हणून लाकूड, माती वगैरेंचा त्यावर परिणाम होत नाही. द्रावण घरी करता येते: १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि त्यातले १०० मिली घेऊन त्याच पाण्याने पुन्हा १ लिटर करा. मग हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे धोक्याकडे. बुडबुडे मोजून गॅस ठरवणाऱ्यांचे ऐकू नका. बुडबुड्याचा आकार बुडबुडे मोजण्याच्या प्रत्येक काउंटरमध्ये वेगळा असतो.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. ड्रॉप चेकरचा रंग तास-दोन तास मागे चालतो, त्यामुळे सकाळी गॅस सुरू झाल्याबरोबरचा रंग हा आदल्या रात्रीचा असतो. शिवाय तो पट्टा दाखवतो, आकडा नाही, आणि संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात निळाही हिरवा वाटतो. दुसरे म्हणजे, आपल्या सोसायटीत नळाच्या पाण्यात टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी मिसळत असेल, तर केएच आठवड्यागणिक बदलेल, त्यामुळे पाणी बदलल्यावर तो पुन्हा मोजा. आणि हे सगळे असूनही मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर माझे उत्तर बाजूला ठेवून आधी गॅस बंद करा आणि एअर पंप लावा.

आपला मीटर ७.० च्या बफरमध्ये किती दाखवतो, ते मात्र अवश्य कळवा. साडूभाऊंना पाठवायचे आहे.