मुलांसाठी डिजिटल शैक्षणिक साहित्य तयार करताना रंग, ॲनिमेशन आणि बक्षिसे किती प्रमाणात असावीत?

रंगांविषयी मला फारसे सांगायचे नाही. अक्षरे सहज वाचता यावीत, एवढे पुरे. ॲनिमेशनविषयी मात्र सांगायलाच हवे.

एका कंपनीसाठी मी अपूर्णांकांच्या पाठांची संहिता लिहीत होतो. प्रत्येक उत्तरानंतर पडद्यावर अस्वल आलेच पाहिजे, असा तिथल्या प्रमुखांचा आग्रह होता. उत्तर बरोबर आले की अस्वल टाळ्या वाजवी आणि चुकले की धपकन चिखलात पडे. हे पडणे इतके गमतीदार झाले होते की १/२ मोठा की १/३ हे नीट ठाऊक असलेली मुलेही चाचणीच्या वेळी मुद्दाम चुकीचा पर्याय दाबून अस्वलाला पाडत बसली. मी हे लेखी कळवले. बैठकीत मात्र आलेख दाखवला गेला, त्यात याच पाठावर मुलांनी सर्वाधिक वेळ घालवल्याचे दिसत होते, आणि त्याबद्दल सर्वांचे अभिनंदनही झाले! चुकलेल्या मुलाला दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या एकाखाली एक दाखवून १/३ चा तुकडा आखूड असतो हे डोळ्यांनी पाहू द्यावे, ही माझी सूचना रूक्ष ठरली. ॲनिमेशन वापरायचे तर ते अशा ठिकाणी, कारण तिथे हालचाल स्वतःच संकल्पना समजावते; पाठाशी संबंध नसलेली रंजक चित्रे आणि आवाज शिकण्यात अडथळा आणतात, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून पुढे आलेले आहे. मुले पडद्यासमोर बसून राहिली म्हणजे शिकली, असे मानणाऱ्याने मुलांसाठी काही बनवू नये.

बक्षिसांबाबत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३चा प्रयोग पाहावा. चित्र काढल्याबद्दल प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितलेली बालवाडीतील मुले नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. अनपेक्षितपणे प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांत मात्र अशी घट आढळली नाही. अर्थात, या मुलांना चित्रांची मुळातच आवड होती, त्यामुळे पाढ्यांच्या कंटाळवाण्या सरावाला एखादा तारा दिला तर मी हरकत घेणार नाही.

प्रमाण ठरवायचेच असेल, तर पाठ झाल्यावर काही दिवसांनी तोच प्रश्न मुलांना साध्या कागदावर सोडवायला द्या. मी त्या प्रमुखांनाही हेच सुचवले होते. वेळापत्रकात ते बसत नाही, असे उत्तर मिळाले.