बाईकमागे तंबू ओढताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. माझ्या रॉयल एनफील्ड क्लासिक 350 ला तंबूचा ट्रेलर लावून स्कॉटलंडला जायचंय. कायद्यात बसतं का?

बसतं, पण काठाकाठाने. इंजिन 125 सीसीपेक्षा मोठं हवं आणि लायसन्स पक्कं हवं, ते तुमच्याकडे असेलच. ट्रेलरची रुंदी जास्तीत जास्त 1 मीटर. बाईकच्या मागच्या ॲक्सलपासून ट्रेलरच्या टोकापर्यंत 2.5 मीटरच्या वर जायचं नाही. खरी मेख वजनात आहे. सामानासकट ट्रेलर 150 किलो किंवा बाईकच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो. क्लासिक सुमारे 195 किलोची, म्हणजे तुमच्या वाट्याला 130 किलो. उघडला की पलंग तयार, अशा ट्रेलरचं रिकामं वजनच बऱ्याचदा शंभरावर भरतं. उरलेल्या वजनात गाद्या, शेगडी, पाणी आणि निघताना घरच्यांनी कोंबलेले चिवड्याचे डबे! त्यात 20 हॉर्सपॉवरच्या इंजिनाने हायलंड्सचे चढ चढायचे. माझं स्पष्ट मत: पलंगाचा मोह सोडा. हलका, साधा पेटीचा ट्रेलर घ्या, किंवा तोही नको. सॅडलबॅग आणि दोन माणसांचा तंबू पुरे.

बाईकवर तिचं वजन आणि ट्रेलरवर त्याचं रिकामं वजन दिसेल असं लिहिलेलं असावं लागतं. हे बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : अमेरिकेत होंडाच्या गोल्ड विंग या मोठ्या टूरिंग बाईकमागे ट्रेलर सर्रास दिसतात. मग होंडा मॅन्युअलमध्ये नको का म्हणते?

1833 सीसीच्या इंजिनाला ओढणं जड नाही. थांबणं आणि वळणं जड आहे. या ट्रेलरांना बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. त्यांचा सगळा धक्का तुमच्या मागच्या चाकावर येतो, आणि वळणात ब्रेक दाबला तर तो चाकाला बाहेर ढकलतो. म्हणून वेग वळणाआधीच उतरवा. विमा कंपनीकडून ट्रेलरसाठी लेखी होकार घ्या. तोंडी होकाराला क्लेमच्या दिवशी कोणी विचारत नाही.

प्रश्न : वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलतो. हिच (बाईक आणि ट्रेलर जोडणारा सांधा) बदलू का?

आधी सामान बदला. जड वस्तू चाकांच्या मागे गेल्या की पुढचा दांडा हलका होतो आणि शेपूट हलायला लागतं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांड्यावर यायला हवा. ट्रेलर समतल ठेवून दांड्याचं टोक बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवा, लगेच कळेल. टायरमधली हवाही तपासा. चालत्या गाडीवर झुलायला लागला तर हँडल घट्ट आवळू नका, ब्रेक मारू नका. थ्रॉटल हळूहळू सोडा.

प्रश्न : एक चाकाचा बरा की दोन चाकांचा?

एकचाकी बाईकबरोबर झुकतो आणि तिच्याच मागावरून येतो, पण सामान थोडंच मावतं. तंबूसाठी दोनचाकीच. त्याला फिरणारी हिच हवी, म्हणजे बाईक कलली तरी ट्रेलर सरळ राहतो. आणि लक्षात ठेवा, तुम्ही खड्डा दोन चाकांच्या मधोमध सोडू शकत नाही: तुमचं चाक मधून जातं, ट्रेलरची दोन्ही बाजूंनी. चाकं लहान असल्याने बाईकच्या चाकापेक्षा वेगाने फिरतात, बेअरिंग तापतं. पेट्रोलला थांबलात की हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघा. चटका बसला तर पुढे जाऊ नका.