"कामगाराचीच चूक" असं लिहिण्याआधी: साइट सेफ्टीची प्रश्नोत्तरे

प्रश्न: आमच्या साइटवर डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमधे सोडलेल्या भोकावर, प्लाय टाकलेला होता. बिगाऱ्याने तो उचलला आणि खाली पडला, पाय मोडला. रिपोर्टमधे "कामगाराचा निष्काळजीपणा" लिहिलंय. अजून काय करणार? (साइट इंजिनिअर, पुणे)

उत्तर: अहो, त्याने प्लाय का उचलला ते विचारलंत का? सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबच्या साच्याला, प्लाय कमी पडला की जो मोकळा दिसेल तो आणायचा, हे सगळ्या साइटवर रोज चालतं, आणि प्लाय दोन्ही हातांनी छातीसमोर धरला की पायाखालचं काही दिसत नाही, माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि सरळ त्याच डक्टमधे जातो. त्याला मोकळा प्लाय दिसला, झाकण नाही दिसलं. झाकण स्लॅबला ठोकून पक्कं करा, वर लाल पेंटने "खाली खड्डा" लिहा, हिंदीतपण लिहा, आणि भोवती रेलिंग लावा. त्याहून बरं म्हणजे डिझायनरला विचारून स्लॅब भरतानाच डक्टमधून सळ्यांची जाळी तशीच सोडा आणि पाइप टाकताना लागेल तेवढीच कापा. रिपोर्टमधलं ते वाक्य खोडाच, कारण ते लिहिलं की चौकशी तिथंच थांबते आणि वरच्या मजल्यावर तसाच सुटा प्लाय पडून राहतो.

प्रश्न: ड्रेनेजसाठी आठ फूट खोल चर खणतोय. जेसीबीवाला म्हणतो दोन तासांचं काम, आधार कशाला? (घरमालक, नाशिक)

उत्तर: आत्ताच काम थांबवा, आत कुणाला उतरवू नका. आयएस ३७६४ या भारतीय मानकाप्रमाणे दीड मीटर म्हणजे साधारण पाच फुटांच्या पुढे चराला आधार द्यायचा, नाहीतर बाजू उतरत्या कापायच्या. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते हो! छातीपर्यंत गाडला गेला तरी श्वास घेता येत नाही. काढलेली माती काठावर टाकू नका, किमान दीड मीटर लांब ठेवा, जेसीबीपण लांब. उतरायला शिडी पाहिजेच. आणि माती ढासळलीच तर मागून कुणी उडी मारायची नाही, फायर ब्रिगेडला १०१ लावा, कारण वाचवायला गेलेलाच दुसऱ्या ढासळीत गाडला जातो.

प्रश्न: पोरं बेल्ट घालतात पण हुक लावत नाहीत. सांगून थकलो. (मुकादम, ठाणे)

उत्तर: मुकादम, हुक लावायचा कशाला ते दाखवलंय का? बऱ्याच परांच्यांवर तशी पक्की जागाच नसते. आधी डोक्याच्या वर लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायचा पक्का दोर, बांधून घ्या, परांचीच्या बांबूला हुक अडकवणं चालणार नाही. आणि दोन हुकांचा फुल बॉडी हार्नेस (अख्ख्या अंगाचा बेल्ट) मागा, म्हणजे जागा बदलताना एक हुक कायम लागलेला राहतो.

प्रश्न: मालक म्हणतो स्लॅबचे प्रॉप (खालचे टेकू) आठव्या दिवशी काढ, पुढच्या मजल्याला पाहिजेत. स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, पाच मीटर आहे. (सेंट्रिंग कॉन्ट्रॅक्टर, कोल्हापूर)

उत्तर: नाही काढायचे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकामधे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्यापुढे १४, आणि सहा मीटरच्या वरच्या बीमला २१ दिवस दिलेत, तेही साध्या ओपीसी सिमेंटला आणि थंडी फार नसताना. आजकाल बहुतेक ठिकाणी पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरतात, त्याला अजून वेळ लागतो, किती ते इंजिनिअरकडून लेखी घ्या. गडबड खरी तारखेची होते, कारण स्लॅब कधी भरला ते चार जण चार सांगतात. म्हणून भरल्या दिवशीच कॉलमवर पेंटने दोन तारखा लिहा, भरल्याची आणि प्रॉप काढायची, म्हणजे तुम्ही साइटवर नसलात तरी तुमचा माणूस मालकाला ती दाखवू शकेल.