थंडीत मधमाश्यांच्या पेट्यांना साखरपाणी द्यायचं का?

भाऊ, आधी पेटी मागच्या बाजूनं जरा उचलून बघा, जड लागली म्हणजे आत मधाचा साठा आहे, मग थंडीत काहीच देऊ नका. आपल्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात तूर फुलते, मग धने, जानेवारीत करडई, ज्वारीचा पराग असतोच, त्यामुळं मराठवाड्यात खरी उपासमार उन्हाळ्यात अन भर पावसात होते, थंडीत नाही. पण रब्बीच पेरली नसेल किंवा पेटी नवी, कमजोर असेल तर मात्र द्यावंच लागतं.

साठ्यासाठी पाक घट्ट करा, २ किलो साखरेला १ लिटर पाणी. पाणी उकळून खाली उतरवा अन मग साखर विरघळवा, चुलीवर करपली की ती माश्यांना बाधते. गूळ बिलकुल नको, हगवण लागते, पेटीच्या तोंडावर पिवळे-तपकिरी डाग दिसतात बघा. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येतात.

द्यायचं ते दिवस मावळताना, पेटीच्या आत, वर काड्या तरंगत ठेवून, नाहीतर माश्या बुडून मरतात. एक थेंबही बाहेर सांडू देऊ नका, शेजारच्या पेटीच्या माश्या लुटायला येतात अन कमजोर पेटी एका दिवसात साफ होते, हे लई महत्त्वाचं. परभणीकडं पारा ८-१० वर आला की सकाळी झाकण उघडू नका, दुपारी ऊन तापल्यावरच बघा. अन मध काढायच्या फ्रेमा (पोळ्याच्या चौकटी) वर असताना पाक द्यायचा नाही, ती साखर मधात उतरते, गिऱ्हाइकाची फसवणूक होते ती.